बुधवारचं नवं ताट: घरी सगळ्यांनी मिळून वेगळं, पौष्टिक जेवण करून बघताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. घरात पाच माणसं: सासूबाई, नवरा, मी, ११ वर्षांचा मुलगा आणि ६ वर्षांची मुलगी. गेली तीन वर्षं दर बुधवारी रात्री आमच्याकडे एक तरी पदार्थ असा होतो, जो आधी कधी केलेला नसतो किंवा केलेला असला तरी घरातलं कुणीतरी अजून खात नसतं. सोसायटीतल्या मैत्रिणी, मुलांच्या मित्रमैत्रिणींच्या आया, नवऱ्याच्या ऑफिसातले सहकारी सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी आहारतज्ज्ञ नाही. धान्यांतल्या घटकांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांतून घेतले आहेत, बाकी सगळं स्वयंपाकघरातलं.

"नवीन" म्हणजे काय? किन्वा, ॲव्होकॅडो आणावं लागतं का?

आवडत असेल तर आणा, पण त्यावाचून काही अडत नाही. तुमच्या घरात जे शिजत नाही ते तुमच्यासाठी नवीन. आमच्या मुलांना ब्रोकोली माहीत होती आणि चाकवत माहीत नव्हता. सासूबाईंचं बरोबर उलट. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हा मॉलमध्ये नाचणी-ज्वारीचे रंगीत पुडे दिसायला लागले आणि माझ्या मुलाला खरोखर वाटलं की ही बाहेरच्या देशातून आलेली वस्तू आहे. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्हीच त्याला जन्मापासून रोज गव्हाची पोळी वाढली होती.

सुरुवात कशी करायची?

आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी ताटात एकच गोष्ट नवी ठेवा. बाकीचं सगळं ओळखीचं हवं: वरण-भात, दही, लिंबू, जे तुमच्याकडे रोज असतं ते. भूक लागलेल्या माणसासमोर चारही पदार्थ अनोळखी आले की तो घाबरतो, मग तो ६ वर्षांचा असो की ७० वर्षांचा.

रविवार टाळा असं माझं मत आहे. रविवारी सगळ्यांना काहीतरी खास हवं असतं, त्यामुळे नव्या भाजीची तुलना थेट बिर्याणीशी होते. बुधवारी कुणाचीच फार अपेक्षा नसते.

आणि धान्य बदलण्याआधी भाजी वाढवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असावा असं सांगितलं आहे. आपलं ताट नीट बघा: दोन-तीन पोळ्या, मूठभर बटाट्याची भाजी, वर भात. पोळीच्या जागी भाकरी आली तरी या ताटाचा तोल फारसा बदलत नाही.

मुलं तोंडच लावत नाहीत, काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यात कमी लोकांना आवडतं: वाट बघायची. अनोळखी चव मुलांनी स्वीकारायला ती ८ ते १५ वेळा समोर यावी लागते, असं बालआहारावरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपण दोन-तीनदा करतो, मूल नाक मुरडतं, आणि "आमच्याकडे हे चालत नाही" म्हणून तो पदार्थ कायमचा बंद होतो.

लाल भोपळ्याचं आमच्याकडे असंच होणार होतं. पहिल्या वेळी मुलीने ताट सरकवलं. आम्ही काहीही बोललो नाही. दर दहा-बारा दिवसांनी भोपळा येत राहिला: कधी भरीत, कधी दाण्याचं कूट घातलेली भाजी, कधी सांबारात चार फोडी. ती फक्त बघायची. मग एकदा बोट लावून चाटलं. चार महिन्यांनी तिने स्वतःहून भरीत मागून घेतलं, तेही दह्यामुळे. आज ती भाजी खाते, पण घाऱ्या अजून खात नाही. त्याचीही वाट बघतोय.

काय करायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, किंवा खायचंच नाही, हे मुलांनी. मला हे पाळणं फार जड गेलं, कारण मी "ताटात टाकायचं नाही" या शिस्तीत वाढले आहे. त्यावर तोडगा म्हणून आम्ही नवी भाजी चमचाभरच वाढतो. टाकली तरी चमचाभरच जाते, आणि आवडली तर मागता येते.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. "भाजी संपव, मग चॉकलेट देते" असं म्हटलं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस हे आपणच शिकवतो. आणि भाजी लपवून खायला घालू नका. पालक पराठ्यात घालायला हरकत नाही, पण विचारलं तर हो म्हणा. माझ्या मुलाला एकदा कळलं की टोमॅटोच्या सारात मी गुपचूप दुधी वाटून घातला होता. त्यानंतर कित्येक दिवस तो प्रत्येक वाटीत चमचा फिरवून बघायचा. तो विश्वास परत यायला वेळ लागला.

एक काळजीची सूचना: पाचेक वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. कूट करा, द्राक्षं उभी चिरा.

घरातल्या मोठ्यांचं काय? आमच्या सासऱ्यांना पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

त्यांना काय वाटतं ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं आणि त्याचं मला वाईट वाटतं.

माझ्या सासूबाई साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या. मी भाकरीचा विषय काढला की त्या गप्प व्हायच्या आणि स्वतःपुरत्या दोन पोळ्या लाटायच्या. मला वाटायचं, हट्ट आहे. एका संध्याकाळी शेंगा फोडत बसलो असताना त्यांनी सांगितलं. १९७२च्या दुष्काळात त्या १२ वर्षांच्या होत्या. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो (ज्वारीचाच एक प्रकार) मिळायचा, त्याची भाकरी. दुष्काळी कामावर आई-वडील खडी फोडायचे, तिथे सुकडी (पिठाचा पौष्टिक खाऊ) मिळायची. गव्हाची पोळी सणाला. लग्न होऊन पुण्यात आल्यावर रोज पोळी खायला मिळाली, तेव्हा त्यांना वाटलं की आता आपलं बरं झालं. आणि मी त्यांना म्हणत होते, आई, पोळी सोडा, भाकरी तब्येतीला चांगली.

त्यानंतर मी त्यांना भाकरी खा म्हणणं बंद केलं. ज्वारी निवडायला मात्र सोबत नेलं. त्यांनी मालदांडीचे चार दाणे दाताखाली फोडून बघितले, दुकानदाराला दुसरं पोतं उघडायला लावलं, आणि घरी आल्यावर पहिली भाकरी त्यांनीच थापली. आजही त्यांच्या ताटात अर्धी भाकरी आणि एक पोळी असते. ते तसंच राहील आणि त्यात काही बिघडत नाही. न चाळलेल्या, चक्कीवर दळलेल्या कणकेत १०० ग्रॅमला साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीच्या पिठात साधारण १०. पोळी वाईट नाही. रोज फक्त पोळी, एवढीच अडचण आहे.

दातांचा त्रास असेल तर भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून द्या, किंवा सरळ ज्वारीच्या कण्या शिजवा.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांतलं काय कधी खायचं?

ज्वारी बारा महिने. बाजरी थंडीत, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सोबत वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा घातलेली भाजी आणि लोणी, एवढं एक ताट जमलं तरी जानेवारीचा बुधवार झाला. नाचणी उन्हाळ्यात आंबिलीतून छान लागते.

नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण एका भाकरीला पीठ ४०-५० ग्रॅमच लागतं, हे लक्षात ठेवूनच त्या आकड्याकडे बघा. बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमच्या आसपास, कणकेत ४च्या आसपास. हे लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व हवं: लिंबू, आवळा, पेरू. आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा-कॉफी नको. आमच्याकडे जेवण झाल्याझाल्या चहा व्हायचा, तो पुढे ढकलायला वर्ष गेलं.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट: यातलं कुठलंच धान्य बी-१२ देत नाही. त्यासाठी दूध, दही, ताक. चालत असेल तर अंडी. थकवा, मुंग्या असा त्रास असेल तर तपासणी करून घ्या.

मला भाकरी थापता येत नाही आणि पोळ्यांच्या मावशी करून देत नाहीत.

थापता येत नसेल तर उकड काढा. वाटीभर पाणी चिमूटभर मीठ घालून उकळायचं, गॅस बंद करून वाटीभर पीठ घालून ढवळायचं, दहा मिनिटं झाकायचं, मग पाण्याचा हात लावून भरपूर मळायचं. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा ग्लुटेन नसतो, म्हणून नुसतं पीठ ताणलं जात नाही. गरम पाण्याने त्यातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. असा गोळा पोळीसारखा लाटता येतो. आमच्या मावशी आधी नाहीच म्हणाल्या होत्या. मी उकड मळून ठेवायला लागले तेव्हापासून त्या लाटून, भाजून देतात. भाकरीला वेळ जास्त जातो, तेव्हा त्यांचे पैसे वाढवून द्या. हे मी आग्रहाने सांगते.

भाकरीच्या कडा चिरत असतील तर बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. दहा दिवस पुरेल एवढंच दळून आणा. बाजरीत स्निग्धांश जास्त, तिचं पीठ आणखी लवकर कडवट होतं. ते थोडंच दळा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

तरीही नकोच असेल तर थालीपीठ, धिरडी, घावन आहेतच.

सगळ्यांसाठी वेगवेगळं करावं लागतं, दमायला होतं.

करू नका. एकच स्वयंपाक करा आणि तो मधे तोडा. मटकीची उसळ शिजली की तिखट घालण्याआधी मुलीची वाटी बाजूला काढायची. मग कांदा-लसणाची फोडणी, मसाला. सासूबाईंना मीठ कमी, म्हणून भांड्यात मीठ कमीच. ज्याला हवं त्याने लिंबू किंवा चटणी घ्यावी. (दिवसाला माणशी ५ ग्रॅम मीठ ही मर्यादा आहे, म्हणजे सपाट चहाचा चमचा. पापड, लोणचं, फरसाण यांतलंही त्यात धरायचं.)

दुसरा स्वयंपाक सुरू झाला की नवं जेवण ही एकाच बाईच्या अंगावरची जास्तीची कामगिरी होते आणि तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. मी हे माझ्या मैत्रिणींच्या घरांत होताना बघितलं आहे. म्हणून कामं आधी वाटून घ्या. आमच्याकडे भाजी निवडणं मुलाचं, वाटण आणि शेवटची भांडी नवऱ्याची. बुधवारी काय करायचं हे आळीपाळीने एकेकजण ठरवतो, आणि ज्याने ठरवलं त्याने ओट्यापाशी उभं राहायचं.

दोघांची नोकरी आहे, हिंजवडीहून घरी यायला साडेआठ होतात. जमणार कसं?

कडधान्यांवर सगळी भिस्त ठेवा. सोमवारी रात्री मटकी भिजवली, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, की बुधवारी संध्याकाळपर्यंत छान मोड येतात. उन्हाळ्यात तर मंगळवारी रात्रीच येतात. मग फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर वास येतो. मोड आल्याने लोह शोषायला अडथळा आणणारे घटक कमी होतात, हा आणखी फायदा. राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि पूर्ण शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो.

सगळे एकत्र जेवायला बसू शकत नसाल तर रात्रीचा हट्ट धरू नका. शनिवारचा नाश्ता एकत्र करा. आमचे नवरोजी दोन महिने उशिराच्या शिफ्टला होते, तेव्हा आमचा बुधवार शनिवारी सकाळी आठला व्हायचा. सगळे एका वेळी एकच गोष्ट खात असले की मूल मोठ्यांचं ताट बघतं. ते जमायला हवं, वेळ कुठलीही असो.

वेगळ्या भाज्या पुण्यात कुठे मिळतात?

महात्मा फुले मंडईत जा आणि मुलांना घेऊन जा. ती अष्टकोनी दगडी इमारत १८८६ पासून उभी आहे, तीही बघून होते. मुलांना सांगा, प्रत्येकाने एक भाजी निवडायची, जी आपण घरी कधी आणत नाही. स्वतः निवडलेली भाजी मूल निदान चाखून तरी बघतं. आमच्या मुलाने अशीच सुरणाची मोठी फोड उचलली होती. सुरण आणि अळू चिंच किंवा आमसूल घालूनच शिजवा, नाहीतर घसा खवखवतो. उपनगरांत शेतकरी आठवडे बाजार भरतात, तिथली पालेभाजी मला जास्त ताजी वाटते.

पावसाळ्यात मावळ-मुळशीकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात: टाकळा, कुर्डू, फोडशी, कर्टोली. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही ऑगस्टच्या सुमारास होतात. रानभाजी घेताना विकणाऱ्या मावशींना कशी करायची ते विचारा आणि त्या सांगतील तशीच करा. ट्रेकला गेल्यावर स्वतः ओळखून तोडून आणू नका. ऋषिपंचमीची भाजी ही मुलांना एका दिवसात अनेक भाज्या ओळखायला शिकवणारी उत्तम संधी आहे. आम्ही त्या दिवशी चिरण्याआधी सगळ्या भाज्या परातीत मांडतो आणि मुलांना नावं विचारतो.

डब्यात नवा पदार्थ द्यावा का?

नाही. डब्यात तोच पदार्थ द्या जो घरी निदान तीनदा खाल्ला आहे. मित्रांसमोर नको असलेलं खायची वेळ मुलावर आणू नये.

बाहेरचं खाणं बंद करायचं का?

आम्ही नाही केलं. मिसळ पुण्यात राहून सोडायची कशाला? घरी करताना मोडाची मटकी दुप्पट, फरसाण वरून मूठभर, सोबत काकडी-कांदा आणि ताक. बाहेर खातो तेव्हा बाहेरच्यासारखी खातो.

ओट्स, मल्टिग्रेन बिस्किटं, नाचणीच्या कुकीज यांचं काय?

ओट्स ठीक आहेत, साधे घ्या. बाकीच्यांच्या पुड्यामागची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला मैदा आणि दुसरी साखर असेल तर पुढे नाचणी कितीही मोठ्या अक्षरांत असो, ते बिस्किटच आहे.

घरात मधुमेह आहे. भाकरी कितीही खाल्ली तर चालते ना?

नाही. भाकरीनेही रक्तातली साखर वाढते, संख्या मोजूनच खायची. सोबत उसळ आणि भरपूर भाजी असली तर ती हळू वाढते. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. हे टाळू नका.

यातून वजन कमी होईल का?

होईलही, पण ताटावर बसून वजनाबद्दल बोलू नका, विशेषतः मुलींसमोर. माझ्या लहानपणी प्रत्येक पंगतीत कुणीतरी माझ्या दंडांकडे बघून बोलायचं. मला ती वाक्यं आजही शब्दशः आठवतात.

केलेला पदार्थ फसला तर?

फसतोच. पहिली नाचणीची इडली आमच्याकडे इतकी घट्ट झाली की चमच्याने तुटेना. नाचणी जास्त आणि उडीद कमी पडला होता. आता एक वाटी नाचणी, एक वाटी इडली रवा आणि एक वाटी उडीद घेते. त्या रात्री सगळे उपाशी बसले नाहीत, कारण दही-भात तयार होता. बुधवारी असं काहीतरी नेहमी तयार ठेवा आणि ते काढताना कुणालाही दोष देऊ नका.

पहिल्या चार बुधवारांना काय करू, सरळ सांगा.

पहिल्या बुधवारी नेहमीचं वरण-भात-पोळी आणि नवी म्हणून चाकवताची ताकातली पातळ भाजी; आंबटगोड असते, मुलांना वाटी तोंडाला लावून पिता येते. दुसऱ्या बुधवारी मिश्र पिठांचं थालीपीठ, त्यात किसलेला दुधी, सगळ्यांना सांगून. तिसऱ्या बुधवारी ज्वारीची भाकरी आणि पालेभाज्यांचं गरगट, पोळीही ठेवा.

चौथ्या बुधवारी हुलग्याची शेंगोळी. माझं माहेर जुन्नरकडचं, तिथला हा पदार्थ. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं आणि कणीक, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, मीठ घालून घट्ट मळायचं. मग परात मधे ठेवून सगळ्यांनी भोवती बसायचं आणि तळहाताला तेल लावून बोटाएवढ्या वळ्या करायच्या. कढईत फोडणीचं पाणी उकळलं की त्यात सोडायच्या आणि वीसेक मिनिटं शिजू द्यायच्या, रस आपोआप दाट होतो. सासूबाईंच्या वळ्या सुतासारख्या बारीक असतात, नवऱ्याच्या वाकड्या. मुलीच्या फार जाड होतात आणि शिजायला वेळ घेतात, म्हणून कढईत तिच्या वळ्या सगळ्यांत आधी टाकायच्या.